अमावास्या सरेपर्यंत

माझं नाव अक्काताई. वर्गात सगळ्यांत बुटकी मी, पण हेडमास्तरांनासुद्धा मला अक्काताई म्हणूनच हाक मारावी लागते. आधी ह्या नावाची मला लाज वाटायची. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा आवाज घशातच विरघळायचा. पण दिवाळीनंतर वक्तृत्वाच्या स्पर्धेत काय झालं कुणास ठाऊक. मी स्टेजवर गेले, समोरच्या डोक्यांवरून पलीकडच्या खिडकीतलं आभाळ बघितलं आणि बोलतच सुटले. घंटा वाजली तरी थांबले नाही. पहिला नंबर आला. तेव्हापासून मला वाटायला लागलं की मी तोंड उघडलं की जग ऐकतं. पुढचा सगळा घोळ ह्या वाटण्यामुळंच झाला, हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली दोन माग, वर माळ्यावर आम्ही. सकाळी सहाला माग सुरू होतात ते रात्री जेवणापर्यंत खडखट खडखट चालूच. आमच्या गल्लीत कुणी कुजबुजत नाही, कुजबुजून उपयोगच नसतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगाच्या भिंती अशाच हलत असतात.

महिन्यातून एकच दिवस माग बंद, अमावास्येला. त्या दिवशी मला जाग येते तीच शांततेनं. आधी वाटतं कान गेले. मग हळूहळू एकेक आवाज वर येतो. पत्र्यावर चालणाऱ्या पारव्यांची नखं. तिसऱ्या घरात कुणी ताक घुसळतंय. लांब कुठंतरी कन्नड रेडिओ. सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी, आणि मी त्या पाण्यातून डोळे उघडून बघतेय. मैत्रिणी अमावास्येला भितात, मला ती महिन्यातली सगळ्यांत पांढरी सकाळ वाटते. ती वाईट असते, अशुभ असते, हे मला कधी नीट शिवलंच नाही.

परशराम अण्णा, माझा थोरला भाऊ, विद्यापीठाच्या बेळगावातल्या केंद्रात एम.ए. करतो. तिथल्या मुलामुलींनी मिळून रक्तदानाचं मंडळ काढलेलं. मास्तर नाहीत, पुढारी नाहीत, सगळं पोरांचंच. पुढारीण म्हणायची तर अंजनाताई. ती निपाणीची, हॉस्टेलवर राहायची. कानामागं पेन्सिल, पायात टायरच्या चपला, आणि बोलायची इतकं हळू की ऐकायला माणसं पुढं सरकायची. मी शाळा सुटली की पोस्टरं चिकटवायला तिकडंच पळायचे. खळीच्या डब्यात ब्रश बुडवताना मला वाटायचं, आपण एका मोठ्या, लांबच्या गोष्टीत शिरलोय.

मंडळाचा एक नियम होता. तेव्हा दवाखान्यात असं होतं की जेवढ्या बाटल्या रक्त लागणार तेवढी माणसं नातेवाइकांनी आणायची. रक्त दिलं की कार्ड मिळतं, कार्ड दाखवलं की बाटली. ज्याला कुणीच नाही त्यानं काय करायचं? तर त्याच्यासाठी ही पोरं. पोरांनी दिलेल्या रक्ताची सगळी कार्डं एका पत्र्याच्या डब्यात जायची, आणि तो डबा फक्त बिननातेवाइकांसाठी उघडायचा. अंजनाताईची आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिच्या शेजारी बसणारी एक एकटी बाई नुसत्या दोन बाटल्यांवाचून गेली, तेव्हापासून हा डबा.

आता आमची जयाआत्या. आप्पांची धाकटी बहीण, आमच्यातच राहते. तिला पोटाचं ऑपरेशन सांगितलेलं. चार महिने रक्त जाऊन जाऊन ती मागावरच्या कोऱ्या सुतासारखी झालेली. जिना चढताना मध्ये बसायची आणि म्हणायची, "जरा बाहीर बघते गं," जशी काही खिडकीच आहे तिथं. डॉक्टरांनी सोमवार दिला. तीन बाटल्या पाहिजेत, आणि तीन कार्डं शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत खिडकीवर जमा. नाही झाली तर नंबर दुसऱ्याला, पुढची तारीख महिन्यानंतर. महिनाभर आत्या कशी काढणार, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही.

मी सरळ अंजनाताईकडं गेले. "डब्यातली तीन कार्डं द्या की. परत भरू."

"तुझ्या घरात गडी किती गं?"

"आप्पा. रवळूकाका. अण्णा."

"अण्णानं दोन महिन्यांमागं दिलंय, त्याला अजून चालत नाही. बाकीचे?"

"ते... भितात."

"मग त्यांची भीती काढ. डबा ज्याला कुणी नाही त्याचा. तुझ्या आत्याला तर अख्खं वडगाव हाय."

मला राग आला, पण दोन मिनिटांत तो वितळून त्याचं भाषण झालं. त्याच संध्याकाळी मंडळाची मीटिंग होती, पुढच्या शिबिराची तारीख ठरवायला. रविवार म्हटलं तर हॉस्टेलची पोरं गावाला जातात. मधला वार म्हटलं तर तास असतात. मी उठून उभी राहिले.

"येत्या शनिवारी धरा! अमावास्या हाय. वडगावात एक माग चालत न्हाय, सगळी माणसं रिकामी. रक्त दिल्यावर विश्रांती पाहिजे म्हणता ना? मग त्या दिवशी विश्रांतीच विश्रांती. तीस माणसं मी आणते!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. आता विचार करते तर हसू येतं. त्या खोलीत मला अडवायला दोघं होते. एक अण्णा, पण तो देवधर्म काही मानत नाही, आणि आपण मानत नाही म्हणजे कुणीच मानत नाही असं त्याला वाटतं. दुसरी अंजनाताई. तिच्या घरात बाबासाहेबांच्या नि बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लागते, अमावास्या कोण पाळत नाही. तिघांच्या तीन तऱ्हा, आणि तिघांच्याही डोक्यात अमावास्या म्हणजे नुसती सुट्टी.

मी घरोघर गेले. आत्याचं नाव सांगितलं, येत्या सुट्टीला कॉलेजात यायचं सांगितलं. "येऊ की," "जाऊ की," "जयासाठी न्हाय म्हणतोय व्हय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांना सांगितलं तेव्हा ते तुटलेला धागा जोडत होते. "सुट्टी दिवशी व्हय? बघू की," म्हणाले. वहीत मी तीस नावं लिहिली आणि एकतिसावं माझं, ते फुलं काढून सजवलं.

शनिवारी अण्णाच्या सायकलवर पुढं बसून पहाटेच गेले. इतकं धुकं की कॅम्पातल्या निलगिरीची झाडं खालून नव्हतीच, नुसते शेंडे हवेत टांगलेले. केंद्राचा जुना दगडी हॉल आतून गार आणि मोठा. सहा खाटा, पांढऱ्या चादरी, खिडकीतून तिरपं ऊन. दवाखान्याची गाडी आली. काचेच्या रिकाम्या बाटल्या खोक्यांत एकमेकींना लागून किणकिण करत होत्या. डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, मराठीत कन्नड मिसळून बोलायच्या. त्यांनी मला वरून खाली बघितलं.

"एनव्वा, काय गं, तू पण देणार?"

"व्हय!"

"वय?"

"पंधरा. पण मन अठराचं हाय."

"मनाचं रक्त आम्ही घेत नाय. हिकडं बस, माझ्या मदतीला."

आणि त्यांनी मला जगातलं सगळ्यांत सुंदर काम दिलं. टेबलावर एक काचेचा पेला, त्यात मोरचुदाचं निळं पाणी. निळं म्हणजे मोराच्या मानेइतकं. देणाऱ्याच्या बोटाला सुई टोचायची, थेंब त्या पाण्यात वरून सोडायचा. थेंब सरळ तळाला गेला तर रक्त दमदार, खाटेवर जा. वरच तरंगत राहिला तर रक्त पातळ, घरी जा, भाजीपाला खा. पाणी गढूळ झालं की बदलायचं, हे माझं काम. लाल मणी निळ्यातून खाली जायचा, त्याच्यामागं धुराची शेपटी. मी बघतच राहायचे. प्रत्येक माणसाचा थेंब वेगळा पडत होता. खोखोच्या टीममधल्या एका पोराचा दगडासारखा गेला. डॉक्टरीणबाई चहाला गेल्या तेव्हा मी गुपचूप माझाही सोडला. आईशपथ, तो वरच बसला आणि तरंगत माझ्याकडं बघायला लागला.

अकरा वाजले. बावीस बाटल्या भरल्या, सगळ्या विद्यार्थ्यांच्या. वडगावचं एकही माणूस नाही. साडेअकरा. मी दहा वेळा गेटापर्यंत जाऊन आले. धुकं गेलं होतं आणि रस्ता इतका स्वच्छ दिसत होता की त्यावर कोण नाही हे लांबवर दिसत होतं.

"तुझी तीस माणसं?" अंजनाताईनं विचारलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

मी अण्णाची सायकल घेतली. दांडीवरून पाय पोचत नाहीत म्हणून मधून पाय घालून चालवत गेले. आमच्या गल्लीत तीच शांतता होती, पण भर दुपारची आणि माझ्यावर रुसलेली. घरात आप्पा आंघोळ करून बसलेले, कपाळाला गंध. दोन्ही मागांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढं नारळ. शेजारचे भावकूमामा, जे मागांची दुरुस्ती करतात, आणि रवळूकाका चटईवर पानसुपारी घेऊन.

"आप्पा, चला की! सगळी वाट बघाय लागल्यात."

"कुठं?"

"रक्त द्यायला! सांगितलेलं न्हवं, सुट्टी दिवशी?"

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी मागावर पाय देऊन उभी आहे. "आज? आमुशेला? अंगातनं रगत काडायचं? खुळी का काय तू? आमुशेला आमी नख काडत न्हाय."

रवळूकाका हसायला लागले. "भाषणात पयला नंबर आला न्हवं पोरीचा, तिला आता तिथी कुठली दिसायला!"

"तुम्ही मान हलवलासा की!" मी ओरडले. शांततेत माझा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आपटला.

"मला वाटलं तू एखाद्या रविवारचं बोलतीयास. आमुशेला रगत काडतील आसं कुणाच्या मनात तरी येतंय काय?"

बरोबरच होतं. माझ्याशिवाय कुणाच्या मनात येणार? मी पायरीवर बसले. वर माळ्यावर आत्या नव्हती. तिला आदल्या दिवशीच दवाखान्यात भरती केलेलं. तिचं लुगडं वाळत होतं आणि त्यातून ऊन आरपार येत होतं. सहाला खिडकी बंद. माझ्याच तोंडानं मी तो दिवस निवडला होता. दुसरा कुठलाही निवडला असता तर आप्पा घाबरत घाबरत का होईना, आले असते. रडू आलं, पण रडताना माझं डोकं चांगलं चालतं. भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर होतं. मी उठून त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"आप्पा, आमुशा कवा संपती?"

"तिथं लिवलंय की."

"तीन चाळीसला संपती. शिबिर चारपर्यंत हाय."

"म्हणून काय? आमुशेचा दिस म्हणजे दिस. माग उद्याच चालू होणार."

"आणि दसऱ्याच्या आधी?" मी म्हणाले. हे बोलताना आवाज आपोआप खाली आला, अंजनाताईसारखा. "संकेश्वरच्या शेटची साड्यांची ऑर्डर होती तवा? आमुशा दुपारी दोनला संपली आणि सव्वादोनला तुम्ही माग चालू केलासा. मी वर झोपलेले, दचकून उठले. तुम्हीच म्हणालासा, तिथी सरली, आता दोष न्हाय. शेटच्या साड्यांसाठी आमुशा सरती आणि आत्यासाठी सरत न्हाय?"

भावकूमामांनी पान तोंडाकडं नेलं आणि तिथंच धरलं. आप्पांची मान मागाकडं वळली. आतून आई आली, पिठाचा हात तसाच. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आप्पांकडंही नाही. "पोरगी उपाशी हाय," एवढंच म्हणाली आणि मला भाकरी दिली. मी ती सायकल चालवत खाल्ली, अर्धी रस्त्यात पडली.

तीन वाजता खाटा रिकाम्या व्हायला लागल्या. साडेतीनला गाडीच्या ड्रायव्हरनं बर्फाच्या पेट्या उचलल्या. मी डॉक्टरीणबाईंपुढं उभी राहिले.

"बाई, चारच्या पुढं अर्धा तास थांबा."

"कशाला गं?"

"अमावास्या संपायची हाय."

त्यांनी घड्याळ बघितलं, मग मला बघितलं आणि मोठ्यानं हसल्या. "अय्यो, आमच्या धारवाडला माझी सासू पण अशीच. बरं, साडेचार. त्याच्या पुढं बर्फ थांबत नाही."

मी गेटच्या खांबाला टेकून उभी राहिले. ऊन निलगिरीच्या सालींवर पिवळं झालेलं, वारा पडलेला. कधीकधी असं होतं की वाट बघताना वाटच आपल्याकडं बघायला लागते. रस्ता लांब, गुळगुळीत, त्यावर एक कुत्रं स्वप्नात चालल्यासारखं आडवं गेलं. पावणेचार. चार. मी डोळे मिटले आणि वीस अंक मोजले, मग परत वीस. चार वाजून चार-पाच मिनिटं झाली असतील, वळणावर एक सायकल दिसली. मग दुसरी. मग तिसरी, आणि तिच्या मागच्या कॅरिअरवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून, डोक्यावर पदर घट्ट धरून, आई.

"तू का आलीस?" मी धावत जाऊन विचारलं.

"ह्यांस्नी चक्कर आली तर धरायला," ती म्हणाली.

तीस नाही, तीन आले. आप्पा, रवळूकाका आणि भावकूमामा. पण तीनच तर पाहिजे होते! मी त्यांना मिरवत आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "जेवून आलात का?"

"आमुशेचा उपास हाय," आप्पा म्हणाले. "रातच्याला सोडतो."

"उपाशी माणसाचं घेत नाही. चक्कर येती. काहीतरी खा, लगेच."

आप्पा अवघडले. अंजनाताईनं कागदावर उप्पीट आणि दोन केळी आणून त्यांच्यापुढं धरली. "खावा मामा. सरली की आमुशा."

आप्पांनी कागद हातात घेतला नाही. "तू कुणाची गं पोरी?"

"निपाणीची. तानीबाईची. आई तंबाखूच्या वखारीत होती. आमची वस्ती स्टँडच्या मागं, बुद्धविहारापाशी."

आप्पांना जे कळायचं ते कळलं. अंजनाताईलाही कळलं की त्यांना कळलं. तिचा हात पुढं होता तसाच राहिला, हलला नाही. हॉलमध्ये कुठंतरी नळ ठिबकत होता. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाची भीती वाटली, म्हणजे तो आता काय करेल ह्याची. मग आप्पांनी दोन्ही हातांनी कागद घेतला, खाली मान घालून खायला लागले, आणि सगळं संपल्यावर म्हणाले, "आजून हाय काय? मिरची जरा कमी पडलीया."

"पोरापोरींनी मिळून केलंय, कुणाला मिरचीचा अंदाज न्हाय," अंजनाताई हसली आणि दुसरा कागद आणायला वळली. वळताना तिनं कानामागची पेन्सिल उगीचच नीट केली.

आप्पांचा थेंब निळ्यात दगडासारखा गेला. भावकूमामांचाही. दोघं खाटांवर आडवे झाले आणि छताकडं बघत एकमेकांशी मागाच्या पट्ट्याबद्दल बोलायला लागले, म्हणजे घाबरले होते. रवळूकाकांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पारा वर गेला आणि तिथंच राहिला.

"तुमचं प्रेशर लई जास्त आहे. तुम्ही देऊ शकत नाही. उलट उद्या दवाखान्यात येऊन दाखवा."

"मला काय झालंय? सकाळी दोन नारळ फोडलोय!"

"नाही म्हणजे नाही, काका."

चार वीस झाले होते. दोन कार्डं. मी हॉलभर बघितलं. सगळ्या पोरांनी आज दिलेलं किंवा अण्णासारखं हल्लीच दिलेलं. मी पत्र्याच्या डब्याकडं बघितलं, आणि अंजनाताईनं मी बघताना बघितलं. तिचा चेहरा दुखल्यासारखा झाला. खरं सांगते, तिनं त्या वेळी डबा उघडला असता तर मी घेतलं असतं. तिनं डब्याच्या झाकणावर हात ठेवला. उघडायला का दाबायला, ते तिचं तिलाच ठाऊक.

"बायकांचं चालतंय का?" मागून आईनं विचारलं.

सगळे वळले. खाटेवरून आप्पा म्हणाले, "नागू, तू गप. तुला कशाला?"

"तुमी पडून ऱ्हावा," आई म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंना, "चालतंय का न्हाय?"

"का नाही चालत? वजन करा."

आई एक केळ खाऊन काट्यावर चढली. शेहेचाळीस. पंचेचाळीसच्या वर एकच. पदराला बांधलेल्या किल्ल्या तिनं काढल्याच नव्हत्या, हे मला दिसत होतं आणि मी काही बोलले नाही. मग ती माझ्या टेबलापाशी आली. माझ्या आईचं बोट मी कधी असं धरून बघितलं नव्हतं. पेरांवर सुताच्या कापलेल्या बारीक रेघा. डॉक्टरीणबाईंनी टोचलं, थेंब काढला, पाण्यावर सोडला.

थेंब थांबला.

वर नाही, खाली नाही, मधोमध. निळ्याच्या पोटात एक लहान लाल दिवा टांगलेला. डॉक्टरीणबाईंची नजर घड्याळावर. मला अख्खा हॉल त्या पेल्यात शिरल्यासारखा वाटला, खाटा, चादरी, खिडकीतलं ऊन, सगळं निळं आणि मंद. आईनं वाकून बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं, खाली गेलं तर चांगलं की वर आलं तर.

"लई देखणं दिसतंय गं," ती म्हणाली.

आणि थेंब हलला. अगदी सावकाश, जिन्यावर थांबत थांबत उतरणाऱ्या बाईसारखा, तो खाली गेला आणि तळाला टेकला.

"बारा सेकंद, पंधराच्या आत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पास. पण बाई, उद्यापासून रोज मेथी खायची. आणि नवऱ्याच्या आधी जेवायचं, मागनं नाही."

"ते मातर जमणार न्हाय," आई म्हणाली आणि खाटेवर जाऊन आडवी झाली.

सुई गेली तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं नाही. बाटली हळूहळू भरायला लागली. मी तिच्या उशाशी उभी होते. ती खिडकीतून झाडांचे शेंडे बघत होती, ऊन उतरून त्यांच्या नुसत्या टोकांवर राहिलेलं.

"आक्का, मी दुपारची कवा आडवी झालते शेवटची?"

"मी व्हायच्या वेळी," मी म्हणाले.

"व्हय की. पंधरा वरसं झाली." मग जरा वेळानं, "लई गार वाटाय लागलंय. पांघरूण नगं, तसलं गार न्हाय. बरं गार."

साडेचार होऊन गेले. ड्रायव्हर दारात उभा. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या कार्डावर सही केली आणि म्हणाल्या, गाडी त्याच दवाखान्याला चाललीय, बसा. आप्पा आणि भावकूमामा रवळूकाकांबरोबर सायकली ढकलत चालत येतो म्हणाले, त्या दोघांना अजून जमिनीवर विश्वास नव्हता. मी आणि आई मागं बसलो, बर्फाच्या पेट्यांमध्ये. रस्ता खराब होता, बाटल्या आत किणकिणत होत्या. काचेतून कॅम्पातली झाडं मागं मागं जात होती आणि आई पेट्यांवर हात ठेवून बसलेली, जशी बसमध्ये कुणाची पोरं सांभाळते तशी.

"ह्यातली माझी कुठली?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"नावं नसतात मावशी. गट आणि नंबर. तुमची कुणाला जाईल, कुणाची तुमच्या माणसाला येईल."

"म्हंजे माझं जयाला जाणार न्हाय?"

"तुमच्या कार्डावर तिला मिळंल की. तिच्या गटाचं."

आई विचारात पडली. मला वाटलं तिला वाईट वाटलं. पण ती पेट्यांकडं बघत होती, एकेकीकडं, आणि ओठ हलत होते, जणू कुणाकुणाची नावं घेतेय.

खिडकीवरच्या कारकुनानं तिन्ही कार्डं घेतली, शिक्के मारले, आत्याच्या कागदावर सोमवार, सकाळी नऊ असं लिहिलं. साडेपाच वाजले होते. आम्ही वॉर्डात गेलो. आत्या उशीला टेकून बसली होती, चेहरा चादरीच्याच रंगाचा. आई तिच्या पायथ्याशी बसली. कोपराच्या आत लावलेली कापसाची पट्टी तिनं पदराखाली घेतली, पण आत्याला ती दिसलीच.

"वैनी, तुमी?" आत्याचे डोळे मोठे झाले. "आमुशेला?"

"सरलीया आमुशा," आई म्हणाली. "तीन चाळीसला. पोरीला इचार." मग तिनं चपला काढल्या, पाय वर घेतले आणि आत्याला म्हणाली, "सरक जरा तिकडं. मला दहा मिनिटं पडायला सांगितलंय डॉक्टरनी, आणि माझी तीनच झाल्यात."

आत्या भिंतीकडं सरकली. दोघी एका खाटेवर आडव्या झाल्या, आणि मी उभीच राहिले, कारण तिसरीला जागा नव्हती.